लिबएक्सएमएल/पार्सर.एच सापडत नाही म्हणतोय, फाइल आणून ठेवली तरी तेच

कोरा_टर्मिनल

मंडळी नमस्कार, दोन दिवस डोकं फोडतोय म्हणून शेवटी इथे विचारतोय. सी मधलं एक जुनं छोटं टूल आहे, एक्सएमएल फाइल वाचून त्यातला हवा तो मजकूर काढून देतं. लिहिणाऱ्याने नुसता सोर्स आणि एक मेकफाइल (कंपाइल कसं करायचं त्याची कृती, मेक ही कमांड ती वाचते) ठेवलीय, तयार बायनरी कुठेच नाही. माझ्याकडे उबुंटू २२.०४ आहे. मेक मारलं की पहिल्याच फाइलवर अडकतं:

फेटल एरर: लिबएक्सएमएल/पार्सर.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी

मला वाटलं फाइल नाही ना, मग आणू. शोधलं तर लिबएक्सएमएल२ (एक्सएमएल वाचायची सी लायब्ररी) हिच्या गिट रेपोत पार्सर.एच मिळाली, ती उतरवून प्रोजेक्टमध्येच लिबएक्सएमएल नावाचं फोल्डर करून त्यात टाकली. तो एरर गेला, पण आता म्हणतो एक्सएमएलव्हर्जन.एच नाही. ती आणायला गेलो तर रेपोत त्या नावाची फाइलच नाही, एक्सएमएलव्हर्जन.एच.इन अशी काहीतरी आहे, तिच्यात जागोजागी ॲटची चिन्हं. ती 'इन' काढून ठेवून पाहिली तर कंपायलर त्या चिन्हांवरून ओरडतो, मग ती काढून टाकली. आता ही फाइल नक्की कुठून मिळते? कोणाकडे असेल तर पाठवाल का?

अर्धविराम

फाइल नको, पॅकेज हवंय.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबएक्सएमएल२-डेव्ह

(मोबाइलवर आहे आणि कीबोर्ड मराठीच आहे, कमांड वाचून टर्मिनलमध्ये इंग्रजीत टाक, मोठी-छोटी अक्षरं सांभाळून.)

कोरा_टर्मिनल

केलं. इन्स्टॉल झालं, लाल काही आलं नाही. पण मेक मारलं की तोच एरर, एक्सएमएलव्हर्जन.एच नाही. टर्मिनल बंद करून उघडलं, मशीन पण रिस्टार्ट केलं.

आणि एक कळलं नाही, लिबएक्सएमएल२ तर माझ्याकडे आधीपासूनच होतं, ॲप्ट तसंच म्हणत होतं. मग हे डेव्ह वेगळं कशाला?

जुनं_खोड

रिस्टार्टने हेडर (या .एच फाइली) सापडत नसतात रे, ती खोड विंडोजची 🙂

आधी डेव्हचं सांगतो, कारण तिथेच सगळा घोळ आहे. लायब्ररी वापरणारे दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांना तयार प्रोग्राम नुसता चालवायचाय, त्यांना फक्त .एसओ फाइल (लायब्ररीचा कंपाइल झालेला कोड) लागते, तुझ्याकडे होती ती तीच, लिबएक्सएमएल२.एसओ.२. दुसरे, ज्यांना त्या लायब्ररीवर नवीन प्रोग्राम कंपाइल करायचाय, त्यांना हेडर लागतात, म्हणजे कुठलं फंक्शन आहे, त्याला काय द्यायचं, कुठल्या स्ट्रक्चरमध्ये काय काय आहे याची यादी. पहिल्या प्रकारचे लोक खूप जास्त, त्यांच्या डिस्कवर हेडर टाकून उपयोग शून्य, म्हणून डेबियनवाल्यांनी आणि त्यांच्यामुळे उबुंटूनेही हेडर वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवलेत, नावाच्या शेवटी डेव्ह. त्यातच लिबएक्सएमएल२.एसओ या, शेवटी आकडा नसलेल्या, नावाची एक लिंक असते, लिंकरला (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवतो तो) ती लागते, तो विषय तुला अजून अर्ध्या तासात भेटेलच.

आता तुझं पॅकेज आलंय, पण हेडर ठेवलेत कुठे ते बघ:

डीपीकेजी -एल लिबएक्सएमएल२-डेव्ह | ग्रेप पार्सर.एच

(एल मोठा. छोटा टाकलास तर वेगळंच काहीतरी येईल.)

उत्तर येईल /यूएसआर/इन्क्लूड/लिबएक्सएमएल२/लिबएक्सएमएल/पार्सर.एच. नीट वाच, मध्ये एक जादा फोल्डर आहे. जीसीसी, म्हणजे आपला कंपायलर, आपणहून बघतो /यूएसआर/लोकल/इन्क्लूड, मग /यूएसआर/इन्क्लूड/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू, मग /यूएसआर/इन्क्लूड (आणि त्याचं स्वतःचं एक फोल्डर). त्यात लिबएक्सएमएल२ च्या आत शिरून बघ असं कोणी त्याला सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं, -आय/यूएसआर/इन्क्लूड/लिबएक्सएमएल२ असं देऊन. मेकफाइलमध्ये सीफ्लॅग्स (कंपायलरला द्यायचे पर्याय) असेल, त्यात घाल.

स्वल्पविराम_२२

त्यापेक्षा सोप्पं, सोर्समध्ये जिथे इन्क्लूड लिबएक्सएमएल/पार्सर.एच आहे तिथे लिबएक्सएमएल२/लिबएक्सएमएल/पार्सर.एच करून टाक की. मी कॉलेजात असंच करायचो, सगळं चालायचं.

जुनं_खोड

इथे नाही चालणार. ती पार्सर.एच उघडून बघ, तिच्या आतच इन्क्लूड लिबएक्सएमएल/एक्सएमएलव्हर्जन.एच, लिबएक्सएमएल/ट्री.एच अशा ओळी आहेत. तू बाहेरचा पत्ता बदललास तरी आतल्या ओळी जुन्याच पत्त्याने शोधणार, म्हणजे एक पायरी पुढे जाऊन तिथेच आपटणार. बरं दुसऱ्याचा सोर्स बदलून ठेवला की पुढची आवृत्ती आली की परत तेच काम. पाथ कंपायलरला द्यायचा, सोर्सला नाही.

मेघना_क

आणि तो -आयचा पाथ हाताने पण लिहू नकोस. पीकेजी-कॉन्फिग वापर:

पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्स लिबएक्सएमएल-२.०

हे चालवलंस की तोच -आय वाला पाथ छापून देतं, आणि --लिब्ज दिलंस की लिंकरचं -एलएक्सएमएल२. दुसऱ्या मशीनवर पाथ वेगळा असला तरी मेकफाइल बदलावी लागत नाही.

मी पहिल्यांदा इथे तासभर घालवला होता, कारण नाव. पॅकेज लिबएक्सएमएल२-डेव्ह, पीकेजी-कॉन्फिगला तेच लिबएक्सएमएल-२.० आणि लिंकरला नुसतं एक्सएमएल२. एकाच पोराची शाळेच्या दाखल्यावर, घरात आणि मित्रांत तीन नावं असावीत तसं. मी लिबएक्सएमएल२ टाकत होते आणि ते नाही नाही म्हणत होतं. नाव आठवलं नाही तर पीकेजी-कॉन्फिग --लिस्ट-ऑल करून ग्रेप मार, सापडतं.

कोरा_टर्मिनल

मेघना, जुनं खोड, दोघांचेही आभार, पण आता अजून वाईट झालंय 😭

सीफ्लॅग्समध्ये आधी -आय. -ओ२ होतं, त्याच्या पुढे पीकेजी-कॉन्फिगची ओळ टाकली. एक्सएमएलव्हर्जनचा एरर गेला. पण आता चाळीसेक एरर आलेत, अननोन टाइप नेम अमुक, एक्स्पेक्टेड सेमीकोलन तमुक, आणि सगळे पार्सर.एच मध्येच. म्हणजे लायब्ररीची फाइलच खराब आहे का? पॅकेज काढून परत टाकू?

जुनं_खोड

थांब, काही काढू नकोस. आधी त्या एररच्या ओळीची सुरुवात इथे टाक, फाइलचं नाव पाथसकट काय छापतंय ते.

कोरा_टर्मिनल

./लिबएक्सएमएल/पार्सर.एच आणि मग ओळीचा नंबर

जुनं_खोड

सापडला चोर. सुरुवातीला टिंब आणि तिरकी रेघ आहे ना, ती सिस्टिमची फाइल नव्हे, तू परवा गिटवरून उतरवलेली. ते फोल्डर तसंच पडलंय आणि मेकफाइलमध्ये -आय. आहे, म्हणजे "आधी इथल्याच फोल्डरमध्ये बघ". जीसीसी -आय डावीकडून उजवीकडे तपासतो आणि पहिली सापडली की पुढे बघत नाही. तर पार्सर.एच तुझी घेतली, गिटवरची ताजी, आणि ती पुढे ज्या मागते त्या ट्री.एच वगैरे सिस्टिमच्या, उबुंटू २२.०४ वर २.९.१३ च्या. एका आवृत्तीचं झाकण दुसऱ्या आवृत्तीच्या डब्याला कसं बसेल.

पॅकेज आल्यावरही आधी तोच एरर का येत होता ते पण यातच आलं. पार्सर.एच तुझ्या फोल्डरमधून मिळत होती म्हणून त्याबद्दल तक्रार नव्हती, पुढची मिळत नव्हती.

बघायचंच असेल तर जीसीसीला -एच दे (मोठा एच), कुठली हेडर कुठून उचलली ते सगळं छापतो, जितकी खोल तितकी टिंबं समोर. एकदा करून बघच, पुढे आयुष्यभर उपयोगी पडेल.

आणि खरं सांगू का, एरर आले हे नशीब समज. दोन आवृत्त्यांमधला फरक थोडा असता, समज एखाद्या स्ट्रक्चरमध्ये मधे एक फील्ड वाढलेलं, तर कंपाइल सुखाने झालं असतं आणि चालवल्यावर भलत्याच जागेचा आकडा वाचून प्रोग्राम कुठेतरी तिसरीकडेच कोसळला असता. मी असा एक बग चार दिवस शोधलाय, शेवटी कोणीतरी वर्षभरापूर्वी थर्डपार्टी नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवलेली एक हेडर निघाली. म्हणून सुटी हेडर नेटवरून उतरवायची नाही. हेडर आणि .एसओ एकाच बिल्डमधून आलेली हवी.

तुझी ती 'इन' वाली फाइल पण त्याचाच पुरावा. एक्सएमएलव्हर्जन.एच रेपोत नसतेच, लायब्ररी बिल्ड करताना कॉन्फिगर चालतं, ते त्या ॲटच्या जागी आवृत्तीचा नंबर, थ्रेडचा सपोर्ट आहे का, झेडलिब आहे का अशी उत्तरं भरतं आणि मग ती फाइल जन्माला येते. कोणाचीही आणून चालणार नाही, ज्याची त्याची वेगळी.

फेडोरावाला

मधेच घुसतो. हाच एरर माझ्याकडे आला तर पॅकेजचं नाव डेव्ह नाही, डेव्हेल. लिबएक्सएमएल२-डेव्हेल, ओपनएसएसएल-डेव्हेल, झेडलिब-डेव्हेल असं. आणि नाव पाठ करायची गरजच नाही:

डीएनएफ प्रोव्हाइड्स '*/लिबएक्सएमएल/पार्सर.एच'

फाइलचं नाव द्यायचं, पॅकेजचं नाव तो सांगतो. तुमच्याकडे असं काही नाही वाटतं?

अर्धविराम

आहे की, ॲप्ट-फाइल. आपोआप येत नाही एवढंच, आधी ते इन्स्टॉल करायचं, मग एकदा ॲप्ट-फाइल अपडेट, मग ॲप्ट-फाइल सर्च लिबएक्सएमएल/पार्सर.एच. नुसतं पार्सर.एच शोधू नका, त्या नावाच्या फाइली ढीगभर प्रोजेक्टमध्ये आहेत, पानंच्या पानं येतील. एररमध्ये फोल्डरसकट जे छापलंय ते जसंच्या तसं द्यायचं आणि आलेल्या यादीत ज्याच्या पाथमध्ये /यूएसआर/इन्क्लूड आहे आणि नावात डेव्ह आहे ते उचलायचं. आर्चवाल्यांचं पॅकमन -एफ (मोठा एफ), आधी -एफवाय करून. आर्चवर हेडर बहुतेक वेळा मूळ पॅकेजमध्येच असतात, त्यांना हा डेव्हचा ताप नाही.

सगळ्यांना सतत लागणारे म्हणजे: झेडलिब.एच साठी झेडलिब१जी-डेव्ह (तो 'एक जी' का, विचारू नका, पण विसरलात की सापडत नाही), ओपनएसएसएल/एसएसएल.एच साठी लिबएसएसएल-डेव्ह, एनकर्सेस.एच साठी लिबएनकर्सेस-डेव्ह. आणि एसटीडीआयओ.एच च नाही म्हणाला तर घाबरू नका, अगदी कोरी सिस्टिम किंवा कंटेनर असेल, बिल्ड-इसेन्शियल टाका. अल्पाइनवर बिल्ड-बेस.

अजून एक, फार कमी लोक वापरतात. जे टूल बिल्ड करताय ते उबुंटूच्या रेपोत आधीपासून असेल आणि तुम्हाला फक्त नवीन आवृत्ती हवी असेल तर ॲप्ट बिल्ड-डेप आणि पुढे टूलचं नाव. त्याला लागणारी सगळी डेव्ह पॅकेजं एका फटक्यात येतात. सोर्स रेपो चालू असाव्या लागतात मात्र, नाहीतर तसं सांगून थांबतं.

कोरा_टर्मिनल

फोल्डर उडवलं. सगळ्या .ओ फाइली (कंपाइल झालेले तुकडे) तयार झाल्या!! पण शेवटी

अनडिफाइन्ड रेफरन्स टू एक्सएमएलरीडफाइल

आणि खाली तशाच आठ-दहा ओळी. आता कुठली हेडर राहिली?

मेघना_क

आता हेडरचा विषय संपला, अभिनंदन 🙂 "नो सच फाइल" म्हणतो तो कंपायलर, "अनडिफाइन्ड रेफरन्स" म्हणतो तो लिंकर. यादी मिळाली, आता प्रत्यक्ष माल कुठाय असं विचारतोय. मेकफाइलमधली शेवटची ओळ टाक, जिच्यात सगळ्या .ओ एकत्र होतात ती.

कोरा_टर्मिनल

जीसीसी -एलएक्सएमएल२ -ओ टूल मेन.ओ रीडर.ओ

-एलएक्सएमएल२ तर आहे की. पहिल्यापासून होतं, मी नाही टाकलं.

मेघना_क

जागा चुकलीय. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. लायब्ररी भेटली तेव्हा तिच्यातलं अजून कोणी काही मागितलेलंच नव्हतं, आणि उबुंटूचा जीसीसी लिंकरला --ॲज-नीडेड देतो, म्हणजे तोवर ज्याची गरज पडली नाही ती लायब्ररी सोडून द्या. मग मेन.ओ येतो आणि एक्सएमएलरीडफाइल मागतो, तोवर गाडी पुढे गेलेली. टूल जुनं आहे, लिहिणाऱ्याच्या मशीनवर तसं चालत असणार, त्याची चूक म्हणता येत नाही.

-एलएक्सएमएल२ उचल आणि ओळीच्या शेवटी टाक, .ओ फाइलींच्या नंतर. तिथेही पीकेजी-कॉन्फिग --लिब्ज लिबएक्सएमएल-२.० लिहिलंस तर उत्तम.

टर्बो_आठवणी

माझा पण एक हेडरचा प्रश्न आहे, इथेच विचारतो. कॉनिओ.एच कुठल्या पॅकेजमध्ये येते? ॲप्ट-फाइलने शोधली तर भलतंच काहीतरी येतंय.

अर्धविराम

कुठल्याच नाही, आणि शोधूही नका. कॉनिओ.एच सी च्या स्टँडर्डमध्ये कधीच नव्हती, ती डॉसच्या काळातल्या कंपायलरांची, आपल्या पिढीला टर्बो सी ने चिकटवली. प्रोग्राममध्ये ती बहुतेक फक्त पडदा पुसणाऱ्या सीएलआरएससीआर आणि शेवटी की दाबेपर्यंत थांबणाऱ्या गेटसीएचसाठी असते, खिडकी पटकन बंद होऊ नये म्हणून. लिनक्सवर टर्मिनल कुठे पळून जात नाही, त्या तीन ओळी खोडा, प्रोग्राम चालेल. खरंच एकेक की वाचायची असेल तर एनकर्सेस शिका. ग्राफिक्स.एच चीही तीच गत, तीही टर्बोचीच.

हे मुद्दाम सांगतो कारण "हेडर नाही" म्हणजे दर वेळी "पॅकेज टाका" नसतं. कधी ती दुसऱ्याच सिस्टिमची असते. कधी होती पण काढून टाकली, जसं आरपीसी/आरपीसी.एच, पूर्वी ग्लिबसीमध्येच (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) यायची, २०२० च्या २.३२ मध्ये गेली, आता लिबटीआयआरपीसी वेगळी घ्यावी लागते आणि तिथेही /यूएसआर/इन्क्लूड/टीआयआरपीसी असा आतला पाथ, म्हणजे वरचंच रामायण. आणि कधी नुसतं अक्षर चुकलेलं असतं, पायथन.एच मधला पी मोठा आहे, लिनक्सला छोटा चालत नाही.

सापाचा_मंत्र

पायथन.एच चं नाव निघालंच आहे तर, पिपने (पायथनची पॅकेजं टाकायचं टूल) एक पॅकेज टाकताना पायथन.एच नाही म्हणतो. पायथन३-डेव्ह टाकलंय. तरी नाही. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये आहे, त्याच्या आत वेगळं टाकावं लागतं का?

जुनं_खोड

एन्व्हायर्नमेंटच्या आत काही टाकायचं नसतं, ते बाहेरच्याच पायथनचे हेडर वापरतं. तुझं एन्व्हायर्नमेंट कुठल्या पायथनने बनवलंय? उबुंटू २२.०४ असेल तर पायथन३-डेव्ह म्हणजे ३.१० चे हेडर. तू ३.११ ने बनवलं असशील तर पायथन३.११-डेव्ह हवं, आणि पायथन जिथून घेतलास तिथूनच घे. खात्री करायची तर त्याच पायथनमध्ये सिसकॉन्फिग इम्पोर्ट करून गेट_पाथ्सला 'इन्क्लूड' विचार, जो पाथ देईल तिथे जाऊन एलएस मार, पायथन.एच दिसली नाही तर कारण कळलं.

पण त्याच्या आधी पिप अपग्रेड करून बघ. जुना पिप नवीन प्रकारची व्हील (आधीच कंपाइल करून ठेवलेलं पॅकेज) ओळखत नाही आणि उगाच सोर्समधून कंपाइल करायला बसतो. व्हील मिळाली तर हेडर, कंपायलर काहीच लागत नाही.

फळवाली

मॅकवर असाल तर वरचं निम्मं लागू नाही. तिथे /यूएसआर/इन्क्लूड हे फोल्डरच नाही, मोहावी, म्हणजे १०.१४ पासून गेलं. आधी एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल. मग होमब्रूने (मॅकवरचा पॅकेज मॅनेजर) टाकलेली लायब्ररी ॲपल सिलिकॉनवर /ऑप्ट/होमब्रूमध्ये जाते, जुन्या इंटेलवर /यूएसआर/लोकलमध्ये. ओपनएसएसएल तर होमब्रू नेहमीच्या जागी लिंकसुद्धा करत नाही, ब्रू --प्रीफिक्स ओपनएसएसएल करून जागा विचारायची आणि पुढे /इन्क्लूड लावून -आयला द्यायची. सीमेक (मेकफाइल बनवून देणारं टूल) असेल तर जागा बदलल्यावर बिल्डचं फोल्डर पूर्ण उडवा, ते आधी सापडलेल्या जागा कॅशमध्ये जपून ठेवतं आणि नंतरही त्याच सांगत बसतं. यात मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवलीय.

सापाचा_मंत्र

३.११ च निघालं. पण डेव्ह टाकायच्या आधी पिप अपग्रेड केला आणि व्हीलच आली, कंपाइलच झालं नाही. म्हणजे हेडर अजूनही नाहीयेत माझ्याकडे 😄

कोरा_टर्मिनल

चाललं!!! -एलएक्सएमएल२ शेवटी नेलं आणि टूल तयार. ज्या फाइलसाठी हा सगळा खटाटोप, ती दोन सेकंदांत वाचून झाली.

जुनं खोड, ते -एच पण चालवून पाहिलं, पडदाभर टिंबं आली, आता मात्र पार्सर.एच समोर /यूएसआर/इन्क्लूड/लिबएक्सएमएल२ दिसतंय. मेकफाइलमध्ये आता या दोन ओळी आहेत, चूक असेल तर सांगा:

सीफ्लॅग्स = -आय. -ओ२ $(शेल पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्स लिबएक्सएमएल-२.०)
एलडीलिब्ज = $(शेल पीकेजी-कॉन्फिग --लिब्ज लिबएक्सएमएल-२.०)

मेघना_क

बरोबर आहे. -आय. ची या टूलला गरज आहे का ते तेवढं बघ, स्वतःच्या हेडर अवतरणचिन्हात इन्क्लूड केल्या असतील तर त्या शेजारच्या फोल्डरमध्ये तशाही सापडतात. काढून मेक क्लीन आणि परत मेक मार.

कोरा_टर्मिनल

काढलं, चालतंय तरी.